हँडस्टँड रोज करायचा की दिवसाआड? ‘किती वेळा’ या प्रश्नामागचं संशोधन



मागच्या लेखात आपण चल आणि त्यांचं नियंत्रण याबद्दल बोललो. व्याख्या पाठ करणं सोपं असतं. पेटच्या मुलाखतीत समोरचे सर जेव्हा विचारतात, “तुमचा स्वाश्रयी चल नक्की कोणता?” तेव्हा गडबड होते. म्हणून आज एकच साधा प्रश्न घेऊ आणि तो उलगडत नेऊ. प्रश्न असा: हँडस्टँड, एल-सिट, फ्रंट लिव्हर, प्लँच, मल्लखांबावरचे ताजवे, अशी स्वतःच्याच वजनावर करायची ताकदीची आणि तोलाची कौशल्यं आठवड्यातून किती वेळा करावीत?

तुम्ही म्हणाल, यात संशोधन काय करायचं, कुणालाही विचारा. विचारा खरंच. तालमीतले वस्ताद सांगतील, “रोज. खंड पडला की अंग विसरतं.” जिमचा ट्रेनर सांगेल, “अठ्ठेचाळीस तास विश्रांती, नाहीतर स्नायू भरून येणार नाहीत.” आणि इंटरनेटवर ‘ग्रीज द ग्रूव्ह’ नावाची पद्धत सापडेल. पावेल त्साट्सुलिन या प्रशिक्षकाने ती लोकप्रिय केली: दमेपर्यंत न करता दिवसातून अनेकदा थोडं थोडं करत राहा. तीन माणसं, तीन उत्तरं, आणि तिघांच्याही हाताखाली तयार झालेली मुलं आहेत. म्हणजे तिघंही पूर्ण चुकीचे असणं अवघड आहे.

माझ्या मते तिघंही बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. वस्ताद कौशल्याबद्दल बोलतायत, ट्रेनर स्नायूंबद्दल, आणि तिसरा थकव्याबद्दल. ‘सराव’ या एका शब्दाखाली आपण निदान तीन गोष्टी कोंबल्या आहेत: ताकद वाढणं, कौशल्य शिकणं, आणि कंडरा, सांधे, हाडं यांचं त्या भाराला सरावणं. या तिन्हींची घड्याळं वेगळी आहेत. संशोधनाचा आराखडा लिहिताना नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते. चल एकच वाटतो, पण त्याच्या पोटात तीन असतात.

आधी कौशल्य आणि ताकद यांच्यातला फरक बघू. हँडस्टँडमध्ये तोल कसा सांभाळला जातो यावर कर्विन आणि ट्रेवार्था यांचा २००१ चा एक चांगला अभ्यास आहे. हातांवर उभं असताना पुढे-मागे होणारा तोल मुख्यतः मनगटातून सावरला जातो, असं त्यातून दिसतं. खांदे आणि कंबर मदत करतात, पण मुख्य काम मनगटाचं. पायांवर उभं असताना घोटा जे करतो तेच इथे मनगट करतं. तोल पाठीच्या बाजूला गेला की बोटं जमिनीत रुततात, आणि आलो त्या बाजूला परत पडायला लागलो की तळहाताचा मनगटाकडचा भाग दाबला जातो. हे सेकंदाच्या छोट्याशा भागात व्हावं लागतं. उशीर झाला की सावरायला आधीपेक्षा जास्त जोर लागतो, आणि तो मनगटाच्या आवाक्याबाहेर गेला की माणूस खाली. म्हणूनच सलग चाळीस जोर मारणारा मुलगाही पहिल्या दिवशी हातांवर पाच सेकंद टिकत नाही. त्याच्याकडे ताकद कमी नाही. त्याला अजून ‘ऐकू’ येत नाही, इतकंच.

प्लँचचं उलटं आहे. फक्त तळहात जमिनीवर, पाय हवेत, शरीर जमिनीला समांतर. मयूरासनासारखं दिसतं, पण मयूरासनात कोपर पोटाला टेकू देतो आणि प्लँचमध्ये हात सरळ असतात, टेकू नाहीच. सगळा भार खांद्यांवर येतो. पाय पोटाशी घेतले तर तरफेचा हात आखूड होतो, म्हणून जमतं. पाय पसरले की त्याच शरीराचं, तितक्याच वजनाचं काम कितीतरी कठीण होतं. इथे तोल लागतो, नाही असं नाही, पण अडसर ताकदीचा असतो. मल्लखांबावरची साधी अढी आणि ताजवे यांच्यातही हा फरक तुम्हाला दिसेल. काही उड्या ‘जमतात’, काही पकडी ‘पेलतात’. क्रियापदच वेगळं वापरतो आपण.

आता ताकदीपुरता प्रश्न घेऊ. आठवड्यातले दिवस वाढवले तर ताकद जास्त वाढते का? २०१८ मध्ये ग्रगिच आणि सहकाऱ्यांनी यावर मेटा-अ‍ॅनालिसिस केलं. २२ अभ्यास एकत्र केले. परिणामाचं माप, म्हणजे ज्याला आपण इफेक्ट साइझ म्हणतो, ते आठवड्यातून एकदा सराव करणाऱ्यांत ०.७४, दोनदा करणाऱ्यांत ०.८२, तीनदा ०.९३ आणि चार किंवा जास्त वेळा करणाऱ्यांत १.०८ असं चढत गेलेलं दिसलं. अगदी सुंदर पायऱ्या. इथेच थांबलात तर तुम्ही लिहाल, “वारंवारिता वाढवल्यास ताकद वाढते, म्हणून रोज करावे.”

पण थांबायचं नाही. आठवड्यातून एकदा ३ सेट करणारा आणि आठवड्यातून तीनदा ३-३ सेट करणारा यांच्यात फक्त दिवसांचाच फरक आहे का? दुसऱ्याने आठवड्यात ९ सेट केले, पहिल्याने ३. एकूण काम, म्हणजे व्हॉल्यूम, तिप्पट झालं. मग वाढलेली ताकद दिवसांमुळे की कामामुळे? त्याच संशोधकांनी ज्या अभ्यासांत दोन्ही गटांचं एकूण काम सारखं ठेवलं होतं तेवढेच वेगळे काढून पाहिले, तेव्हा वारंवारितेचा तो परिणाम सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय राहिला नाही. स्नायूंच्या आकारमानाबद्दलही शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये असाच निष्कर्ष काढला.

तुमच्या वहीत हे उदाहरण लिहून ठेवा. ‘गोंधळ घालणारा चल’ म्हणजे काय, हे समजावायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. वारंवारिता हा चल एकटा कधी येत नाही. तो वाढवला की व्हॉल्यूम वाढतं, नाहीतर प्रत्येक दिवसाचं काम कमी करावं लागतं, नाहीतर विश्रांतीचं अंतर कमी होतं. काहीतरी हलतंच. तुम्ही काय हलू दिलं आणि काय बांधून ठेवलं, हे सांगितल्याशिवाय तुमच्या निष्कर्षाला अर्थ नाही.

इथे दोन गोष्टी लगेच जोडायला हव्यात. एक, ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. अभ्यास थोडे असतील, नमुने लहान असतील, तर खरा पण छोटा फरक हाती लागत नाही. मुलाखतीत हे वाक्य उलटं बोलणारे खूप भेटतात. दोन, हे अभ्यास बहुतांशी बेंच प्रेस, स्क्वॉट, मशीनवरचे व्यायाम असे आहेत. बारबेलला वजन अर्धा किलोनेही वाढवता येतं. फ्रंट लिव्हरमध्ये पाय पोटाशी घेतलेल्या स्थितीतून एक पाय सरळ करायचा म्हणजे भाराची मोठी उडी असते. आणि दमल्यावर बारबेल नुसती हळू वर जाते, फ्रंट लिव्हरचा आकारच मोडतो. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात कंबर खाली आलेली असते, खांदे सैल झालेले असतात. वहीत तुम्ही ‘५ सेट’ लिहिता, पण त्यातले शेवटचे दोन वेगळ्याच व्यायामाचे असतात. म्हणून एकूण काम तेवढंच ठेवून ते जास्त दिवसांत वाटणं इथे फायद्याचं ठरू शकतं, कारण त्या कामाची प्रत सुधारते. हा माझा तर्क आहे, मेटा-अ‍ॅनालिसिसचा निष्कर्ष नव्हे. या दोन गोष्टी प्रबंधात वेगवेगळ्या वाक्यांत लिहायच्या असतात.

कौशल्याकडे वळू. इथे मला एक जुना अभ्यास फार आवडतो आणि त्याचा जिम्नॅस्टिक्सशी काही संबंध नाही. ब्रिटनच्या टपाल खात्यात पत्रं वेगळी करायची यंत्रं आली आणि पोस्टमनना कीबोर्ड शिकवण्याची वेळ आली. खात्याला प्रश्न पडला: दिवसाला किती तास शिकवावं? बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात पोस्टमनचे चार गट होते. एका गटाला दिवसातून एकदा एक तास, दुसऱ्याला एकदा दोन तास, तिसऱ्याला दोनदा एक-एक तास, चौथ्याला दोनदा दोन-दोन तास. एकूण किती तासांत माणूस कीबोर्ड शिकतो हे मोजलं. दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना सगळ्यात कमी तास लागले, आणि दिवसाला चार तास शिकणाऱ्यांना सगळ्यात जास्त. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा चार तासवाल्यांचं कौशल्य टिकण्यातही मागेच होतं.

आतापर्यंत गोष्ट सरळ आहे: वाटून केलेला सराव एकदम केलेल्या सरावापेक्षा बरा. पण पुढचे दोन तपशील बहुतेक क्लासच्या नोट्समध्ये नसतात. पहिला: समाधान विचारलं तेव्हा सगळ्यात नाराज गट कोणता होता? तोच, दिवसाला एक तासवाला. कारण कॅलेंडरवर बघितलं तर त्यांचं शिकणं आठवड्यामागून आठवडे रेंगाळत होतं. चार तासवाले जास्त तास घालवून का होईना, लवकर मोकळे झाले. दुसरा तपशील यातूनच येतो. ‘कोणती पद्धत चांगली’ याचं उत्तर तुम्ही तासांत मोजता की दिवसांत, यावर ते उलटतं. तासाला पगार देणाऱ्या खात्याला एक तासवाली पद्धत स्वस्त. पुढच्या महिन्यात यंत्र सुरू करायचं असेल तर महाग. आश्रयी चल निवडणं ही नुसती तांत्रिक बाब नाही. कोणाच्या सोयीचं उत्तर हवंय, हेही त्यात ठरतं.

तोलाच्या कौशल्यांबाबत थेट पुरावाही आहे. शे आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हलत्या फळीवर तोल सांभाळण्याचं काम शिकवलं. सराव तेवढाच. एका गटाने तो थोड्या मिनिटांच्या अंतराने एकाच दिवशी केला, दुसऱ्याने दोन दिवसांत वाटून. दोन दिवसांत वाटून करणारे सरस ठरले. टॉबर्ट आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास याहून चकित करणारा आहे. त्यात तरुणांनी अशाच फळीवर आठवड्यातून फक्त एकदा, सुमारे ४५ मिनिटं, सहा आठवडे सराव केला. एवढ्यावर तोल चांगलाच सुधारला, आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या करड्या भागातले बदल दोन सत्रांनंतरच दिसू लागले. म्हणजे ‘खंड पडला की अंग विसरतं’ हे वस्तादांचं म्हणणं शब्दशः घेऊ नका. सहा दिवसांच्या खंडानंतरही अंग पुष्कळ काही लक्षात ठेवतं. मात्र फळी ही पायांखालची, ओळखीची गोष्ट आहे. हातांवर उलटं उभं राहणं तसं नाही. फळीवरचा निष्कर्ष जसाच्या तसा हँडस्टँडला लावायचा म्हटलं तर मार्गदर्शक बाह्य वैधतेबद्दल विचारणारच.

मधल्या वेळात काय होतं? झोपेत शिकलेलं पक्कं होतं, हे तुम्ही ऐकलं असेल. वॉकर आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या प्रयोगात बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याचा वेग एका रात्रीच्या झोपेनंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दिसला. हा आकडा खूप फिरला. मग २००८ मध्ये रिकर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यातला बराच भाग आदल्या दिवशीच्या थकव्यातून आलेला असू शकतो: संध्याकाळी माणूस दमून हळू झाला होता, सकाळी ताजा झाला, आणि आपण त्याला ‘झोपेतलं शिकणं’ म्हणालो. वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही संदर्भ साहित्याचा आढावा लिहिताना पहिला पेपर वाचून थांबू नका, त्याला उत्तर देणारा पेपर शोधा.

या वादात एक कामाची गोष्ट दडली आहे. श्मिट आणि बियॉर्क यांनी १९९२ मध्ये ती ठळकपणे मांडली होती: सरावाच्या वेळी दिसणारी कामगिरी आणि प्रत्यक्ष झालेलं शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सलग वीस वेळा हँडस्टँड मारल्यावर एकविसावा छान जमतो. त्या क्षणी तुम्ही व्हिडिओ काढता, स्टेटसला लावता. पण तो व्हिडिओ कामगिरीचा आहे. शिकणं किती झालं हे कळतं दुसऱ्या दिवशी, अंग नुकतंच गरम केल्यावर मारलेल्या पहिल्या प्रयत्नात. मी स्वतः वहीत फक्त हा पहिला प्रयत्न लिहिते. दिवसातला सर्वांत चांगला आकडा लिहायचा मोह होतो, पण तो आकडा त्या दिवशी मी किती वेळा प्रयत्न केला यावरही ठरतो. वीसदा फासा टाकला की एकदा सहा येणारच.

आता तिसरं घड्याळ, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं: कंडरा. स्नायूला हाडाशी जोडणारे हे दोर. व्यायामानंतर कंडरांत कोलॅजन तयार होण्याचा वेग वाढतो, आणि मिलर आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात हा वेग सुमारे २४ तासांनी सर्वांत जास्त होता आणि त्यानंतरही काही काळ चढाच राहिला. पण त्याच काळात जुनं कोलॅजन मोडतही असतं. मॅग्नुसन, लँगबर्ग आणि केअर यांच्या २०१० च्या आढाव्यानुसार जड व्यायामानंतरचा पहिला दीड दिवस हिशोब तोट्यात असतो, म्हणजे जमा कमी, खर्च जास्त. त्यानंतर तो नफ्यात जातो. तोट्याच्या काळातच पुन्हा पुन्हा तेवढाच जड भार टाकत राहिलं तर काय होईल, हे सांगायला नको. ट्रेनरच्या अठ्ठेचाळीस तासांना खरा आधार असेल तर तो स्नायूंपेक्षा इथे जास्त आहे, असं मला वाटतं.

कंडरांबद्दल एक अभ्यास मी प्रत्येकाला सांगत सुटते. १९५० आणि ६० च्या दशकात अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ खूप वाढलं आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरलं. झाडांतून, अन्नातून ते माणसांच्या शरीरात गेलं. म्हणजे शरीरातला एखादा ऊतक कोणत्या वर्षी बनला याचा जणू शिक्काच त्यावर बसला. हाइनमायर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये टाचेच्या वरच्या अकिलीस कंडरांच्या नमुन्यांत हा शिक्का वाचला. कंडराचा गाभा माणसाच्या पहिल्या सुमारे १७ वर्षांत तयार होतो आणि नंतर जवळजवळ नवा होत नाही, असं त्यांना आढळलं. स्नायूंत मात्र असा जुना शिक्का टिकलेला नव्हता, तिथे जुनं जाऊन नवं येत राहतं. आठ महिन्यांत दंड भरतात आणि आपल्याला वाटतं सगळंच शरीर तितकंच बदललं. कोपरातल्या दोरांचा गाभा अजून अकरावी-बारावीतलाच असतो.

माझ्या होस्टेलमधली एक ज्युनियर सेट परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून रोज सकाळ-संध्याकाळ सरळ हातांची ताकदीची कामं करायची. तीन महिन्यांत तिची प्रगती बघून आम्ही थक्क झालो. चौथ्या महिन्यात तिला बादली उचलवेना. कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं. फिजिओथेरपिस्टने व्यायाम बंद केला नाही, पण पुढचे कित्येक आठवडे भार अगदी खाली आणला. तिचे स्नायू रोज ‘तयार’ असल्याचं सांगत होते आणि ते खोटं नव्हतं. दोरांना कुणी विचारलंच नव्हतं.

वाढत्या वयाच्या मुलांचं आणखी वेगळं आहे. मनगटाजवळ, रेडियस हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या थरावर हँडस्टँड, व्हॉल्ट अशा कामांचा वारंवार भार पडला की त्याला इजा होते. ‘जिम्नॅस्टचं मनगट’ असं त्याला नावच पडलं आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाने मनगट दुखतं म्हटलं तर “होतं तसं सुरुवातीला” म्हणून सोडून देऊ नये. तपासून घ्यावं.

मग किती वेळा? एवढं वाचल्यावर तुम्हाला आकडा हवा असणार. आता सांगते तो वरच्या पुराव्यांवरून बांधलेला माझा अंदाज आहे, निरोगी प्रौढांसाठी. हँडस्टँडसारखं तोलाचं काम आठवड्यातून चार-पाच दिवस, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं, अंग ताजं असताना, आणि प्रयत्न ढिसाळ व्हायला लागले की थांबायचं. मनगटं कुरकुरत असतील तर त्यातले दोन दिवस भिंतीच्या आधाराने हलकं. प्लँच, फ्रंट लिव्हर, सरळ हातांची जड कामं आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. त्यांचा भार स्नायूंच्या हौसेने वाढवायचा नाही. एक पायरी सोपी वाटायला लागल्यावरही दोन-तीन आठवडे तिथेच राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर किंवा मनगट आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल, तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं, भले ते करताना काही दुखलं नसेल. ‘ग्रीज द ग्रूव्ह’ हलक्या कामांसाठी छानच आहे. अभ्यासातून उठलात की पाच जोर मारा, दहा सेकंद लटका. पण सरळ हातांच्या जड कामांवर ही पद्धत लावू नका.

आणि परीक्षेचे महिने? तिथे बातमी चांगली आहे. ग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम करणाऱ्यांचे दिवस कमी केले आणि बारा आठवडे वाट पाहिली. एक किंवा दोन दिवसांवर आलेल्यांची ताकद टिकली. पूर्ण सोडून दिलेल्यांनी मिळवलेल्यातली ६८ टक्के गमावली. मिळवायला जेवढं लागतं त्यापेक्षा राखायला फार कमी लागतं. नेटच्या आधीचे दोन महिने आठवड्यातून एकदा नीट करा, बाकी वेळ पुस्तकांना द्या.

आता हाच विषय तुम्हाला पीएचडीसाठी घ्यायचा असेल तर? शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी मल्लखांबासारखं क्षेत्र नाही. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केलेली ही विद्या गावोगावच्या व्यायामशाळांत अजून शिकवली जाते, आणि सरावाची वारंवारिता तिथे बहुतेक परंपरेने ठरते. फक्त “मल्लखांबातील सरावाच्या वारंवारितेचा कामगिरीवर होणारा परिणाम” असं शीर्षक घेऊन जाऊ नका. कुठली कामगिरी? कोणत्या दिवशी मोजलेली? एकूण वेळ सारखा ठेवून?

एक शक्य आराखडा असा. नवशिके, पुरलेल्या मल्लखांबावर. एक गट आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं, दुसरा सहा दिवस २० मिनिटं. आठवड्याचे १२० मिनिटं दोघांचे सारखेच. घड्याळी वेळ सारखा असून भागत नाही, प्रत्येक मुलाचे खांबावरचे प्रयत्नही मोजा, कारण वीस मिनिटांच्या वर्गात तेल लावून रांगेत उभं राहण्यातच निम्मा वेळ जाऊ शकतो. आठ आठवड्यांनी चाचणी, मग दोन आठवडे सराव बंद आणि पुन्हा चाचणी. दुसरी चाचणी हीच खरी. गुण देणाऱ्या पंचांना कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसावं. व्हिडिओ दाखवून गुण घेतले की हे सहज जमतं. टिकण्याचे सेकंद मोजणार असाल तर लक्षात ठेवा, बहुतेक मुलं दोन-चार सेकंदांवर असतात आणि एखादा चाळीसवर. सरासरी त्या एकामुळे फसते. मध्यक बघा, किंवा आकड्यांचं लॉग रूपांतर करून विश्लेषण करा. मनगट, कोपर, खांदा यांच्या दुखण्याची नोंद दर आठवड्याला घ्या आणि तिला निष्पत्तीच्या तक्त्यात स्वतंत्र जागा द्या. मुलं अठराच्या खालची असल्याने नैतिकता समितीची परवानगी आणि पालकांची लेखी संमती हवीच. आणि दुखणं किती वाढलं की मुलाला प्रयोगातून बाहेर काढायचं, तो आकडा प्रयोग सुरू होण्याआधी कागदावर हवा, नंतर नाही.

अडचण एकाच व्यायामशाळेत दोन गट केल्यावर येते. तीन दिवसवाली मुलं उरलेल्या तीन दिवशीही येतात, कडेला उभी राहतात, आणि वस्तादांची पाठ वळली की खांबाला लटकतात. त्यांना अडवणं कुणाच्याने होत नाही, आणि अडवूही नये. म्हणून शक्य असेल तर गट व्यायामशाळांनुसार पाडा. त्यासाठी दोन शाळा पुरणार नाहीत, कारण मग दिसलेला फरक वस्तादांचा की वेळापत्रकाचा हे सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंना निदान चार-पाच शाळा हव्यात आणि विश्लेषणात मुलं शाळांमध्ये गुंफलेली आहेत हे धरायला हवं. एवढ्या शाळा मिळवायला वर्ष जातं. सुरुवात जूनमध्ये करा: गणपतीत आठवडाभर आणि दिवाळीत पंधरवडाभर उपस्थिती कोसळते, आणि फेब्रुवारीनंतर दहावीची मुलं येत नाहीत.